दोन फोन आणि एक गुणपत्रक

गेल्या रविवारी आमच्या नातवाने नवा फोन घ्यायचं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे दुकानात गेला असं नाही. टेबलाशी बसला आणि पडद्यावर दोन फोनांचा तक्ता उघडला. डावीकडे एक फोन, उजवीकडे दुसरा, आणि एकाखाली एक ओळी: प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, बॅटरी, वजन. ज्याचा आकडा सरस त्याच्यापुढे हिरवी खूण. थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, हा सात विषयांत पुढे, तो चारच विषयांत."

'विषयांत' हा शब्द त्याने मला चिडवायलाच वापरला होता, हे उघड आहे. पण त्या शब्दाने मला एकदम २००७ सालच्या डिसेंबरात नेऊन सोडलं. असाच एक तक्ता तेव्हा मी स्वतः आखला होता आणि त्यातून काढलेला निकाल साफ चुकला होता. गंमत अशी की तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला या गोष्टीचं अजून कुतूहल वाटतं. सगळे पुरावे खरे असूनही निष्कर्ष कसा चुकतो? म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहे.

झालं असं. घरात भाचीचा साखरपुडा होता. त्या निमित्ताने अमेरिकेतला पुतण्या आला होता आणि त्याच्या खिशात आयफोन होता. भारतात तो तेव्हा विकायला आलेलाच नव्हता. (आपल्याकडे आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी. तोही पहिला नव्हे, पुढचा आयफोन थ्रीजी, आणि किंमत ३१,००० रुपयांपासून पुढे!) दुसऱ्या बाजूला आमचे जावई. त्यांच्याकडे नोकियाचा एन ९५. जेवणं झाल्यावर दोघांनी आपापले फोन टेबलावर ठेवले आणि जुंपली. आवाज चढायला लागल्यावर मी मध्ये पडलो. एक कोरा कागद घेतला, उभी रेघ ओढली आणि म्हटलं, "एकेक विषय सांगा, मी गुण देतो." मास्तरकी, दुसरं काय!

आता त्या दोन परीक्षार्थींची ओळख करून देतो.

नोकिया हे घराणं जुनं. १८६५ साली फिनलंडमधल्या टाम्पेरे गावी फ्रेड्रिक इडेस्टाम या खाणअभियंत्याने कागदाचा लगदा करण्याची गिरणी काढली, ती या घराण्याची सुरुवात. नोकिया हे जवळच्या गावाचं नाव, ते कंपनीला लागलं. पुढे रबर, केबल, दूरचित्रवाणी संच असं करत करत ती मोबाइलपर्यंत आली. १ जुलै १९९१ रोजी जीएसएम पद्धतीच्या व्यापारी जाळ्यावरचा जगातला पहिला कॉल झाला तो फिनलंडमध्ये, आणि त्या जाळ्याची यंत्रसामग्री नोकियाची होती. २००७ या एका वर्षात नोकियाने ४३ कोटी ७० लाख फोन विकले. आपल्याकडे तर बॅटरीवाला ११०० ठाऊक नाही असं घर सापडणं कठीण होतं. एन ९५ हा या कंपनीचा सर्वांत हुशार विद्यार्थी. सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर झाला, मार्च २००७ मध्ये बाजारात आला. किंमत कर सोडून सुमारे ५५० युरो. वरचा भाग एका बाजूला सरकवला की आकड्यांची बटणं, दुसऱ्या बाजूला सरकवला की गाण्यांची बटणं.

ॲपल ही संगणकांची कंपनी. फोनच्या वर्गात नवीन दाखल झालेलं मूल. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जनी आयफोन दाखवला. त्या दिवशीचे नमुने अर्धवटच होते, ठरावीक क्रमानेच दाखवले नाहीत तर बंद पडत, असं त्यांच्या अभियंत्यांनी नंतर सांगितलं. (शाळा तपासणीच्या दिवशी ठरलेल्या मुलालाच ठरलेला प्रश्न विचारायचा, हा प्रकार तिकडेही चालतो हे वाचून मला बरं वाटलं.) प्रत्यक्ष विक्री २९ जून २००७ पासून, फक्त अमेरिकेत, एकाच मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर. ४ जीबीला ४९९ डॉलर, ८ जीबीला ५९९. सप्टेंबरात ८ जीबीची किंमत एकदम ३९९ वर आणली, तेव्हा आधी घेतलेल्यांनी एवढा आरडाओरडा केला की ॲपलला त्यांना १०० डॉलरची सूट द्यावी लागली.

तर आता आमचा कागद.

पहिला विषय कॅमेरा. एन ९५ चा ५ मेगापिक्सेल, कार्ल झाइसचं भिंग, आपोआप फोकस, फ्लॅश आणि सेकंदाला ३० चित्रं या वेगाने ६४० गुणिले ४८० आकाराचं चित्रीकरण. आयफोनचा २ मेगापिक्सेल, फोकस एकच ठरलेला, फ्लॅश नाही आणि चित्रीकरण अजिबात नाही. गुण जावयांना.

दुसरा विषय नेटवर्क. एन ९५ मध्ये थ्रीजी, त्यातही वेगवान प्रकारचं. आयफोनमध्ये फक्त टूजी, म्हणजे एज. पुन्हा जावई.

तिसरा, जीपीएस. एन ९५ मध्ये उपग्रहावरून जागा सांगणारा खराखुरा जीपीएस आणि नकाशे. आयफोनमध्ये नकाशे होते, जीपीएस नव्हता. जावई.

चौथा, साठवण. एन ९५ मध्ये मेमरी कार्ड बदलता येई. आयफोनमध्ये जेवढी जागा विकत घेतली तेवढीच. पाचवा, किरकोळ सोयी. एन ९५ मध्ये एफएम रेडिओ, फोटोचा संदेश पाठवायची सोय. आयफोनमध्ये यांतलं काही नाही, एवढंच काय, लिहिलेला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे! सहावा, बाहेरचे प्रोग्रॅम. एन ९५ वर हजारो घालता येत. आयफोनवर ॲपलने दिले तेवढेच. सातवा, वजन. १२० ग्रॅम विरुद्ध १३५.

बॅटरीत पुतण्याला गुण मिळाला. १४०० एमएएच विरुद्ध ९५०, आणि ९५० मध्ये एन ९५ चा दिवस जेमतेम निघे हे जावयांनीही कबूल केलं. पण ती काढून दुसरी बसवता येते, असं म्हणून त्यांनी अर्धा गुण परत मागितला आणि मी दिला. जाडीत आयफोन सरस, ११.६ मिलिमीटर विरुद्ध २१. पडद्यातही सरस, साडेतीन इंच विरुद्ध २.६.

बेरीज केली. एन ९५ साडेसात, आयफोन अडीच. मी कागदाखाली सही ठोकली आणि निकाल जाहीर केला. पुतण्या हसला, म्हणाला, "काका, तुम्ही एकदा हातात तरी घेऊन बघा." मी म्हटलं, "हातात घेऊन काय बघायचं? आकडे समोर आहेत."

हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते, पण बोललो होतो खरं.

आता त्या कागदावर काय नव्हतं ते सांगतो. त्यासाठी दोन्ही फोनांच्या पोटात शिरावं लागेल. घाबरू नका, मीही जावयांकडून आणि नातवाकडून शिकूनच लिहितो आहे.

पोटात शिरल्यावर पहिलं आश्चर्य म्हणजे हे दोघे प्रतिस्पर्धी सख्खे चुलतभाऊ निघतात. एन ९५ ची मुख्य चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, वेग ३३२ मेगाहर्ट्झ. आयफोनची सॅमसंगने बनवलेली, वेग ४१२. पण दोन्हींच्या आतल्या मेंदूचा आराखडा एकच, एआरएम ११. हा इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एआरएम कंपनीचा. ही कंपनी १९९० साली तिघांनी मिळून काढली, आणि त्या तिघांत ॲपल होती! पुढे १९९७-९८ च्या सुमाराला नोकियाच्या ६११० या फोनने हा मेंदू फोनच्या जगात रूढ केला. म्हणजे जन्माच्या वेळी ॲपल हजर, आणि नाव मिळवून दिलं नोकियाने. चित्रं काढणारा वेगळा भाग, ज्याला ग्राफिक्स चिप म्हणतात, तोही दोघांकडे एकाच इंग्लिश कंपनीच्या एकाच कुळातला होता. तेव्हा हाडामांसाच्या दृष्टीने फार मोठा फरक नव्हता. फरक होता तो तीन ठिकाणी.

पहिला फरक रॅमचा. रॅम म्हणजे काम करताना वह्यापुस्तकं पसरायचं टेबल. कपाट कितीही मोठं असो, टेबल लहान असेल तर एक पुस्तक उघडायला दुसरं मिटावं लागतं. पहिल्या एन ९५ मध्ये हे टेबल ६४ एमबीचं, आणि फोन चालू झाल्यावर त्यातलं साधारण २० एमबीच मोकळं उरे. आयफोनचं १२८ एमबीचं, म्हणजे दुप्पट. त्यामुळे एन ९५ वर नकाशा उघडून मग कॅमेरा उघडला की मागचा नकाशा गुपचूप बंद झालेला असे. नोकियाने पुढे एक चांगली युक्ती केली. सगळं पुस्तक टेबलावर आणण्याऐवजी लागेल तेवढंच पान आणायचं, अशी सुधारणा फोनच्या प्रणालीतच केली. मग नव्या एन ९५ ८ जीबीमध्ये टेबलही १२८ एमबीचं दिलं. पण पहिल्या दिवसाचं मत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि मौज पाहा, रॅमचा हा आकडा आमच्या कागदावर नव्हताच. आयफोनचा तर ॲपलने कधी जाहीरच केला नाही, लोकांनी फोन उघडून शोधला. ज्या आकड्यावर इतकं अवलंबून होतं त्या विषयाची प्रश्नपत्रिकाच निघाली नव्हती.

दुसरा फरक प्रणालीचा, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा. इथे खरा इतिहास आहे. एन ९५ वर सिंबियन होतं. त्याचं मूळ इंग्लंडच्या सायन कंपनीच्या खिशात मावणाऱ्या डायरीयंत्रांत. १९९८ साली सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन सिंबियन कंपनी काढली. त्या काळी मेमरी महाग आणि बॅटरी इवलीशी. त्यामुळे सिंबियनचा स्वभाव काटकसरीचा. एकेक थेंब मोजून वापरायचा, बॅटरी संपली तरी कोणाची डायरी बुडता कामा नये. दुष्काळात वाढलेल्या माणसासारखा. आमच्या आईच्या हातून सुतळीचा तुकडासुद्धा फेकला जात नसे, तसा. हा गुणच आहे, दोष नव्हे. पण या काटकसरीपायी त्यावर प्रोग्रॅम लिहिणं फार किचकट होऊन बसलं होतं.

आयफोनची प्रणाली उलट दिशेने आली. स्टीव्ह जॉब्जना १९८५ साली ॲपल सोडावी लागली, तेव्हा त्यांनी नेक्स्ट नावाची कंपनी काढली. तिचे संगणक फार खपले नाहीत, पण त्यांची युनिक्सच्या पायावर उभी असलेली प्रणाली भक्कम होती. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं, त्यातून मॅकची नवी प्रणाली झाली, आणि तीच छाटूनछाटून आयफोनमध्ये बसवली. म्हणजे एकाने छोट्या घरातला संसार वाढवत नेला, दुसऱ्याने वाड्यातलं सामान खोलीत आणलं. २००१ साली विचारलं असतं तर वाड्याचं सामान खोलीत मावणारच नाही असं कोणीही सांगितलं असतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं. २००७ पर्यंत चिप इतक्या सुधारल्या की ते कसंबसं मावलं. दोन-तीन वर्षांनी ते ऐसपैस मावणार होतं. दुष्काळ सरत आला होता, एवढंच त्या दोन फोनांमधलं खरं अंतर.

तिसरा फरक पडद्याचा आणि बोटाचा. एन ९५ ला पडदा होता तो फक्त बघायचा, काम सगळं बटणांनी. आयफोनचा पडदा ३२० गुणिले ४८०, म्हणजे एन ९५ च्या २४० गुणिले ३२० च्या बरोबर दुप्पट ठिपके, आणि तो बोटाने चालायचा. स्पर्शाने चालणारे पडदे तेव्हा नवीन नव्हते. नोकियाचेही येऊन गेले होते. पण ते दाबावर चालत, त्यांना नख किंवा काडी लागे. आयफोनचा पडदा बोटातल्या विजेच्या सूक्ष्म परिणामावर चालायचा, त्यामुळे दाबावं लागत नसे, आणि दोन बोटं एकदम ओळखायचा. ही विद्या ॲपलने घरात शोधली, पण काही विकतही घेतली. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या जॉन एलायस आणि वेन वेस्टरमन या दोघांची फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी होती, ती २००५ साली घेतली. जानेवारीत दाखवलेल्या नमुन्यावर प्लॅस्टिकचा पडदा होता, तो जूनपर्यंत बदलून काच आणली. ती अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने केंटकी राज्यातल्या हॅरड्सबर्गच्या कारखान्यात बनवली.

शिवाय ती ग्राफिक्स चिप. दोघांकडेही होती म्हटलं ना? एन ९५ मध्ये ती मुख्यतः खेळांसाठी राखीव. रोजचा मेन्यू, यादी, फोटो हे सगळं बिचारा मुख्य मेंदूच काढत बसे. आयफोनने तिला रोजच्या कामाला जुंपलं. यादी सरकवली की ती बोटाला चिकटल्यासारखी सरके, फोटो मोठा केला की अडखळत नसे. तक्त्यात दोघांपुढेही 'ग्राफिक्स: आहे' असंच लिहावं लागलं असतं. एका घरात सतार भिंतीवर टांगलेली आणि दुसऱ्या घरात रोज वाजणारी, पण जप्तीच्या यादीत दोन्हीकडे 'सतार, नग १'.

त्या दिवशी मी फोन हातात घेतला नाही, पण आमच्या हिने घेतला. पुतण्याच्या मुलीचा फोटो होता, सहा महिन्यांची होती तेव्हा. त्याने एकदाच दाखवलं, दोन बोटं ठेवायची आणि लांब न्यायची. हिने तसं केलं, पोरीचा चेहरा पडदाभर झाला. मग पुढचा फोटो, मग त्याच्या पुढचा. मोबाइलवर कॉल घेण्यापलीकडे कधी काही न केलेली बाई. पंधरा मिनिटं कोणाला काही न विचारता बघत बसली होती. एन ९५ वर फोटो जास्त चांगले होते, पण ते बघायला तिला दर वेळी जावयांना हाक मारावी लागे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी कागदावर काही लिहिलं नाही. कारण त्याला रकाना नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर निकालानंतर शहाणपण सांगणाऱ्या बखरकारासारखं होईल. आमच्या कागदाने काही खोट्या आशाही दाखवल्या होत्या. एन ९५ ला थ्रीजीचा गुण दिला, पण २००७ साली भारतात थ्रीजी होतं कुठे? ते पहिल्यांदा डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत सुरू झालं, तेही सरकारी कंपनीचं. खासगी कंपन्यांचा लिलाव २०१० मध्ये. म्हणजे आमच्या घरात बसून त्या गुणाला काही अर्थच नव्हता. पण लंडनला किंवा हेलसिंकीला बसलेल्या माणसासाठी तोच गुण खराखुरा होता. तेच फोन, तेच आकडे, देश बदलला की निकाल बदलतो.

आणि एन ९५ जे सांगत होता ते चुकीचं नव्हतं. आयफोनला थ्रीजी आणि जीपीएस २००८ मध्ये मिळालं. बाहेरच्या प्रोग्रॅमांचं दुकान १० जुलै २००८ रोजी उघडलं, सुमारे ५०० प्रोग्रॅमांनिशी. चित्रीकरण, फोटोचे संदेश आणि मजकूर चिकटवणं २००९ मध्ये. पाच मेगापिक्सेल आणि फ्लॅश २०१० मध्ये. म्हणजे एन ९५ च्या प्रगतिपुस्तकातले महत्त्वाचे विषय सोडवायला आयफोनला तीन वर्षं लागली. फोनमध्ये काय काय असावं हे एन ९५ ने बिनचूक ओळखलं होतं. त्याने प्रश्न बरोबर सोडवले, फक्त परीक्षा बदलली.

आयफोनला तीन वर्षं लागली तशी नोकियालाही लागली. पण वरून नवं खोगीर चढवणं सोपं, चाल बदलणं कठीण. नोकियाचा स्पर्शाचा ५८०० फोन २००८ च्या अखेरीस आला, एन ९७ हा २००९ मध्ये. दोन्हींचे पडदे दाबावर चालणारे, आणि आत तेच बटणांसाठी घडवलेलं सिंबियन. ऑक्टोबर २००९ मध्ये नोकियाने पेटंटांवरून ॲपलवर खटला भरला. मोबाइल जाळ्याशी बोलायची जी मूळ विद्या, तिच्यात नोकियाचा मोठा वाटा होता आणि आयफोन तीच वापरत होता. जून २०११ मध्ये तडजोड झाली, ॲपलने पैसे दिले. खटल्यात नोकियाची बाजू वरचढ ठरली, पण तोवर बाजार हातातून निसटत चालला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टची प्रणाली घ्यायचं जाहीर केलं. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. नोकिया कंपनी आजही आहे, जाळ्याची यंत्रसामग्री बनवते, पण फोन तिचे राहिले नाहीत.

हे सगळं कंपन्यांचं झालं. पण फिनलंडमध्ये सालो नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे नोकियाचा कारखाना होता, एन ९५ तिथे बनत असे. २०१२ साली तिथलं उत्पादन बंद झालं. इकडे चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला २००६ साली सुरू झालेला नोकियाचा कारखाना, आपल्या घराघरांतले फोन जिथे बनले तो, करांच्या वादामुळे मायक्रोसॉफ्टच्या व्यवहाराबाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. हजारो लोकांचं काम गेलं, त्यांत तरुण मुली कितीतरी. त्यांच्या हातून बनलेल्या फोनमध्ये काही खोट नव्हती. त्यांच्या कामाचे गुण पूर्ण होते.

म्हणूनच मला तक्त्यांची थोडी भीती वाटते. तक्ता खोटं बोलत नाही. पण त्यातल्या ओळी कोणी ठरवल्या? त्या ठरतात काल जो पहिला आला त्याच्यावरून. २००७ च्या तक्त्यात ज्या ओळी होत्या त्या नोकियानेच गेली दहा वर्षं जगाला शिकवल्या होत्या. त्यात नोकिया पहिला येणारच. नव्या मुलाने जे आणलं होतं त्यासाठी ओळच आखलेली नव्हती, मग तिथे शून्यसुद्धा पडत नाही. नुसती कोरी जागा. आणि आजच्या तक्त्याच्या ओळी? त्या आयफोनने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ठरवल्या आहेत, एवढाच बदल.

आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातही रकाने छापलेले असत. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल. माझ्या वर्गात एक मुलगा होता. घंटा अडकली, नळ गळला, पंखा बंद पडला की आम्ही सगळे शिक्षक त्यालाच बोलवायचो, आणि तो दहा मिनिटांत दुरुस्त करायचा. नववीत दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा त्याची शाळा सुटली. त्या प्रगतिपुस्तकावर लाल रेघा माझ्या हातच्या आहेत आणि वर्गशिक्षकाची सहीही माझी. एकही गुण चुकीचा दिला नव्हता. खालच्या 'शेरा' या ओळीत दोन शब्द लिहिता आले असते. तिथे मी 'अभ्यास वाढवावा' असं लिहिलं.

असो. रविवारी नातवाला मी एवढंच सांगितलं की तक्ता मिटून आधी तुझा दिवस लिहून काढ. सकाळपासून रात्रीपर्यंत फोन कशाला लागतो ते लिही, त्याच्या ओळी कर, आणि मग दुकानात जाऊन दोन्ही फोन पंधरा मिनिटं हातात धर. त्याने यादी केली तेव्हा अकरापैकी सहा ओळी गळाल्या. आणि एक नवी आली: 'आजीला वापरता येईल का?' कारण त्याचा जुना फोन आता हिच्याकडे येणार आहे आणि पुढे हाही येईल.

शेवटी एक राहिलं. साखरपुड्याच्या त्या दिवशी दोघांनीही घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला होता. संध्याकाळ झाली होती, उजेड कमी. पुतण्याच्या फोटोत सगळ्यांची भुतं झाली होती. जावयांनी फ्लॅश टाकून काढलेला फोटो आम्ही मोठा करून घेतला, तो आजही दिवाणखान्यात आहे. त्यात माझी थोरली बहीण आहे, जी पुढच्या वर्षी गेली. तिचा तेवढा एकच चांगला फोटो आमच्याकडे आहे. तेव्हा जावईबापू, तुम्ही हे वाचणारच आहात, कॅमेऱ्याचा तो गुण मी कापलेला नाही. पुतण्याचाही उद्या फोन येईल, कोणत्या फोनवरून ते सांगायला नकोच. त्याला आजच सांगून ठेवतो: निकाल बदलून मिळणार नाही, पण शेऱ्याची ओळ अजून कोरी आहे.